पात्र ठरल्यानंतर

माझी भाची न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत जायचे, हे तिने कॉलेजात असतानाच ठरवले होते. लेखी परीक्षा, निबंध, दिवसभराची तोंडी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि कित्येक महिने चाललेली सुरक्षा चौकशी, असे सगळे टप्पे तिने पार केले. मग पत्र आले : तुम्ही पात्र आहात, तुमचे नाव रजिस्टरवर घातले आहे. आम्ही इकडे पेढे वाटले. नोकरी मात्र मिळालेली नव्हती.

हे रजिस्टर म्हणजे रांग नव्हे, हे समजायला मला वेळ लागला. रांगेत आधी आलेला पुढे असतो. इथे नावे गुणांप्रमाणे लागतात. कॉन्सुलर, आर्थिक, राजकीय अशा पाच शाखा, आणि प्रत्येकीची यादी वेगळी. आज नववी असलेली व्यक्ती, उद्या जास्त गुणांचे चार जण यादीत आले की तेरावी होते. परकीय भाषा येत असेल तर गुण थोडे वाढतात. भाचीने हिंदीची परीक्षा देऊन ते वाढवून घेतले. अठरा महिन्यांत बोलावणे आले नाही तर नाव गळते. पुन्हा यायचे तर पहिल्यापासून सुरुवात.

हा अन्याय आहे का? घरातल्या सगळ्यांचे मत 'हो' असे पडले. मला आपल्याकडचा एक निकाल आठवला. १९७७ च्या केंद्रीय सेवा परीक्षेतल्या शंकरसन दाश या उमेदवाराचे म्हणणे होते, की भारतीय पोलीस सेवेत निवडलेले काही जण रुजू झाले नाहीत, तर त्या रिकाम्या जागी मला घ्या. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते फेटाळले. यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, असे न्यायालय म्हणाले; सरकारने मनमानी करता कामा नये, हेही त्याने बजावले.

विचार करता मला हे पटते. पद हे बक्षीस नव्हे. ते लोकांच्या कामासाठी असते, आणि काम किती आहे त्यावर जागा ठरतात. भाचीने जे कमावले ते 'ही माणूस या कामाला योग्य आहे' एवढे विधान. ते खरे आहे आणि अठरा महिन्यांनीही खरेच राहील. नाव गळेल, योग्यता गळणार नाही.

पण एका रात्री तिने फोनवर जे सांगितले, ते या युक्तिवादात बसत नव्हते. "मामा, वरच्या कुणीतरी नकार द्यावा असं मला रोज वाटतं. कुणाची तपासणी अडकली असं ऐकलं की बरं वाटतं. मी अशी नव्हते."

मी तिला म्हटले, जागा रिकामी व्हावी असे वाटणे वेगळे आणि माणसाचे वाईट व्हावे असे वाटणे वेगळे. बोललो खरा, पण दोन्हींमधली भिंत किती पातळ असते हे मलाही ठाऊक होते. ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही, अशा माणसांच्या अडचणीत आपली आशा गुंतवून ठेवणे, ही अशा याद्यांची खरी किंमत. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नसते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला. ती एका शाळेत शिकवते. पुढच्या वर्षीच्या करारावर सही करणार का, असे मुख्याध्यापिकेने विचारले. सही करून वर्षाच्या मध्येच निघून गेली तर मुले अर्ध्यावर राहणार. सही केली नाही आणि बोलावणेही आले नाही, तर तिचे घरभाडे कोण भरणार? म्हणजे तिच्या वाट पाहण्यात एक अख्खा वर्ग गोवला गेला होता, आणि त्या मुलांना कुणी विचारलेही नव्हते.

आपल्याकडे वाट पाहण्याची सर्वांत मोठी कथा पंढरपूरची. पुंडलिकाने देवालाही थांबवले. पण मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. थांबवण्याला कारण होते : आईवडिलांची सेवा चालू होती. आणि उभे राहायला त्याने वीट दिली. कुणाला तिष्ठत ठेवायचेच असेल, तर कारण आणि पायाखाली काहीतरी, एवढे देणे लागतेच. त्या दृष्टीने अठरा महिन्यांची मुदत मला आता निव्वळ निर्दय वाटत नाही. ती शेवट सांगते. 'कळवू' म्हणून कधीच न कळवणारी कचेरी त्याहून निर्दय असते.

पण देणे दोन्ही बाजूंनी असते. थांबणाऱ्याने आपल्याबरोबर इतरांना न सांगता ताटकळत ठेवू नये. भाचीने मुख्याध्यापिकेला सगळे खरे सांगितले : बोलावणे येऊ शकते, कदाचित येणारही नाही. बाईंनी थोडा विचार केला आणि करार पुढे सरकवला, एका अटीवर : प्रत्येक धड्याची टिपणे अशी ठेवायची, की दुसऱ्या कुणालाही तिथून पुढे शिकवता येईल.

तिची मुदत संपायला आता चार महिने उरले आहेत. परवा फोन केला तेव्हा ती टिपणेच लिहीत होती. यादीत सध्या कितवी आहेस, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.