माळ्यावरचा पसारा आणि तीन प्रकारचा त्याग



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७, ८ आणि ९.

अर्जुनाने अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच विचारलंय की देवा, संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय, ते मला वेगवेगळं करून सांग. त्याचं उत्तर देताना भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याला आलेलं कर्म मोहापोटी सोडून देणं, हा तामस त्याग. कर्म त्रासाचं आहे, अंगाला कष्ट पडतील, या भीतीने सोडणं, हा राजस त्याग. आणि असं सोडणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही, हेही भगवंत तिथेच सांगून टाकतात. तिसरा सात्त्विक. करायला हवं म्हणून काम करायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडायची.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करते. हे श्लोक कर्माबद्दल आहेत, कपाटाबद्दल नाहीत. गीतेत डिक्लटरिंग शोधायला मी बसलेली नाही. पण सध्या आपल्यापैकी किती जणांच्या घरी एकच काम चालू आहे बघा. मुंबई, ठाणे, पुण्यात बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला जातायत. कुणाचे आईबाबा दोन मजली घरातून वन बीएचकेमध्ये येतायत. कुणाचं कोकणातलं घर भावंडांनी मिळून विकायला काढलंय. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार काही आठवड्यांत रिकामा करायचा, हे आपल्या पिढीच्या वाट्याला आलेलं कर्मच आहे. ते कोणत्या प्रकारे करायचं, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचं उत्तर या तीन श्लोकांत आहे, असं मला वाटतं.

तामस आवराआवर

मोह म्हटलं की आपल्याला सगळं साठवून ठेवणारी माणसं आठवतात. श्रीखंडाचे रिकामे डबे, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, बंद पडलेला मिक्सर, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली सुतळी. हा मोह आहेच. पण मोह म्हणजे नीट न दिसणं. डोळे मिटून सगळं ठेवणारा जसा वस्तूकडे बघत नाही, तसाच डोळे मिटून सगळं टाकणाराही बघत नाही. रील बघून अंगात वारं शिरतं, सगळं पांढरंशुभ्र हवंसं वाटतं आणि पणजीच्या पितळी समया किलोच्या भावाने जातात. दोघांचाही मोहच. एकाला जुन्याचा, एकाला नव्याचा.

राजस आवराआवर

ही आपल्यात सर्वात जास्त दिसते. एकेक वस्तू हातात घ्यायची म्हणजे वेळ जातो, धूळ नाकात जाते, मधेच रडू येतं, भावंडांत शब्दाला शब्द लागतो. ते सगळं नको म्हणून भंगारवाल्याला बोलवायचं आणि सांगायचं, "सगळं घेऊन जा." दुपारपर्यंत खोली रिकामी होते. मन मात्र होतं तिथेच. म्हणून तर महिन्याभरात त्याच खोलीत ऑनलाइन मागवलेले नवे स्टोरेज बॉक्स येऊन पडतात! त्यागाचं फळ मिळत नाही म्हणतात ते हेच. जागा मोकळी झाली, पण हलकं वाटलं नाही.

आमच्या घरी काय झालं

आमची ठाण्यातली बिल्डिंग यंदा पाडायला घेतली. घर रिकामं करायला तीन महिने होते. बाबा जाऊन तीन वर्षं झालीत. माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती आणि आई तिला कुणाला हात लावू देत नव्हती. दादाचं म्हणणं सरळ होतं. तीन वर्षांत उघडली नाही म्हणजे लागत नाही, देऊन टाकू. आई काही बोलली नाही. नुसती स्वयंपाकघरात जाऊन बसली.

मी तिच्याशेजारी बसून विचारलं, "आई, आहे काय गं त्यात?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली.

मग आम्ही चार रविवार त्या ट्रंकेला दिले. चष्मे, ऑफिसच्या ओळखपत्रांचे तीन-चार जुने नमुने, विजेची बिलं आणि हिशेबाच्या एकोणीस वह्या. बाबा रोजचा खर्च लिहायचे. दूध, भाजी, बसभाडं, रॉकेल. १९८३ सालच्या वहीत दर महिन्याच्या पाच तारखेला एक ओळ होती : मनीऑर्डर, ४०. पुढच्या वहीतही. तिच्या पुढच्याही. १९८८च्या जूनपर्यंत.

आईला माहीत होतं. तेव्हा ते दोघं लालबागच्या चाळीत राहत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीरही केलं नाही. शेजारच्या खोलीतलं बिऱ्हाड वर्षभर तग धरून शेवटी गावी गेलं. त्यांच्या मुलाची शाळा सुटू नये म्हणून बाबा दर महिन्याला चाळीस रुपये पाठवायचे. मुलगा दहावी झाला आणि ती ओळ थांबली. त्याच वह्यांत 'उसने घेतले' अशाही ओळी होत्या, म्हणजे घरात काही भरभरून नव्हतं.

दादाला आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दादाने ती पानं दोनदा उलटली. मला वाटलं, आता या वह्या आई जन्मभर जपणार. तर ती म्हणाली, "तुम्हाला कळलं ना? मग वह्यांचं काम झालं." सतरा वह्या तिने स्वतःच्या हाताने रद्दीत दिल्या. एक तिने ठेवली, एक दादाने मागून घेतली. ट्रंक भंगारात गेली. चष्मे एका संस्थेच्या पेटीत टाकले.

आमच्या घरात सर्वात कमी आसक्ती होती ती आईला! तिला ट्रंक नको होती. ती उघडल्याशिवाय जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. करायला हवं ते पूर्ण करायचं आणि मग हात मोकळे करायचे. नववा श्लोक मला तिच्याकडे बघून जास्त कळला.

पतंजलींच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादात, अपरिग्रहाचं एक नवल वाटावं असं फळ सांगितलंय. साठवण्याची ओढ ज्याची खरोखर सुटली, त्याला आपल्या जन्माचं कसं आणि का हे कळतं. भाष्यकार तिथे मागच्या-पुढच्या जन्मांबद्दल बोलतात. ती पात्रता आपली नाही. पण लहान प्रमाणात हे आपल्यालाही होऊ शकतं. शांतपणे, हाव न ठेवता घर आवरलं, तर आपण कुणाच्या पोटी आलो, कुणाच्या कष्टांवर उभे आहोत, हे कळतं. घाईघाईत आवरलं तर फक्त चौरस फूट कळतात.

आपला वाटा कोणता?

इथे तुकाराम महाराजांची गोष्ट आठवते. ते सावकारीच्या घरातले. परमार्थाकडे वळल्यावर लोकांकडच्या येण्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण चरित्रकार पुढे एक तपशील सांगतात, तो आपण पटकन विसरतो. त्यांनी कागदांच्या आधी वाटण्या केल्या. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबांना दिले. आपले अर्धे तेवढे नदीत सोडले.

किती मोठी गोष्ट आहे ही! स्वतःचं वैराग्य एवढं धगधगत असताना त्यांनी ते भावाच्या वाट्यावर लादलं नाही. त्याचा संसार आहे, तो त्याचं ठरवील.

आपण काय करतो? स्वतःच्या कपाटातले चौदा जोड बूट तसेच ठेवतो आणि आईच्या स्वयंपाकघरातले डबे मोजतो. "आई, तुला एवढं कशाला लागतं गं?" दुसऱ्याच्या वस्तूंचा त्याग सोपा असतो, कारण त्यात आपलं काहीच सुटत नाही. तो त्याग नव्हेच. त्याला फार तर सफाई म्हणता येईल. म्हणून आधी आपला वाटा. आईबाबांच्या वाट्याला हात लावायचा तो त्यांच्या शेजारी बसून, विचारून. एखाद्या गोधडीला ते 'नाही' म्हणाले, तर ती नव्या घरात येईल. एका गोधडीने मेकओव्हर बिघडत नाही.

देवघराचं काय?

घर बदलताना सर्वात जास्त घुटमळायला होतं ते इथे. कुलदैवताचे टाक, तीन-तीन बाळकृष्ण, भेट आलेले गणपती, दर वर्षीच्या कॅलेंडरवरचे देव. घाबरू नका. टाक आणि नित्यपूजेतल्या मूर्ती कुटुंबाबरोबर नव्या घरी जातात. भावंडांत वाटायच्या असतील तर घरातल्या थोरांना विचारून, जो रोज पूजा करील त्याच्याकडे द्या. भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन करतात, तेही आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, विचारून. पण देवांच्या तसबिरी पिंपळाखाली किंवा नदीकाठी ठेवून निघून येऊ नका. ज्यांच्यापुढे पन्नास वर्षं उदबत्ती लावली, त्यांना पावसात भिजत ठेवणं याला निरोप म्हणत नाहीत. काच, चौकट वेगळी काढा, नमस्कार करा, मग पुढचं ठरवा.

आणि जुनी हस्तलिखित पोथी किंवा मोडीतले कागद सापडले तर रद्दीत घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय. त्याचे एक संस्थापक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घराघरांतली जुनी दप्तरं गोळा करायचे. त्यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड उभे राहिले. आपल्या माळ्यावर काय आहे, हे ते जाणकार बघून सांगतील.

रिकाम्या जागेत कोण बसणार?

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. झाडूला लक्ष्मी मानणारे आपण, म्हणजे स्वच्छतेला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. पण गाडगे महाराजांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गावात गेले की आधी हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचं, आणि संध्याकाळी त्याच गावात कीर्तन. झाडलं आणि निघून गेले, असं नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी मात्र एक खोलीही ठेवली नाही. झाडलेल्या जागेत नाम यायला हवं, माणूस यायला हवा.

नव्या घरात भिंत रिकामी ठेवली, छान! तिथे बसून पाच मिनिटं जप होणार का? सोफा-कम-बेड घेतला, उत्तम! त्यावर गावाकडची आत्या येऊन दोन दिवस राहील का? रिकामी जागा फोटोत चांगली दिसावी, ही फळाची अपेक्षा झाली. ती कुणाच्या तरी उपयोगी पडावी, ही सेवा.

आजचा संकल्प

१. आज फक्त स्वतःचा एक खण आवरायचा. दुसऱ्याच्या वस्तूला हात नाही.

२. देण्याजोगी एक चांगली वस्तू, धुऊन, दुरुस्त करून द्यायची. फाटकं देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

३. घरातल्या सर्वात मोठ्या माणसाला एखादी जुनी वस्तू दाखवून विचारायचं, "ही कुठून आली?" आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. मोबाइल बाजूला ठेवून.

पांडुरंगा, जे माझ्या वाट्याचं आहे ते सोडण्याचं बळ दे. जे दुसऱ्याच्या वाट्याचं आहे ते त्याच्यापाशी राहू देण्याची समजही दे. घर मोकळं होईल तेव्हा तू तिथे असू दे.

उद्या श्लोक १० : न आवडणाऱ्या कामाचा कंटाळा नाही आणि आवडणाऱ्या कामाची चटक नाही, असा माणूस कसा असतो ते पाहू.

राम कृष्ण हरि!