थकलेले भाडे कोणाचे?



25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. एसटी थांबली, दुकाने बंद झाली, रोजंदारीवर जाणारे घरी बसले. महिना मात्र थांबला नाही. एक तारीख आली आणि भडगावसारख्या गावातही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला: आबांना आता काय सांगायचे?

सरकारला या प्रश्नाची जाणीव होती. मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्चला काढला. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने सूचना दिली, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. डोक्यावरचे छप्पर वाचले, हे थोडे नव्हे. पण राज्याच्या सूचनेत भाडे माफ नव्हते, पुढे ढकललेले होते. बुडालेली मजुरी काही तीन महिन्यांनी एकदम हातात येत नाही. घर विकत घेणाऱ्यांसाठी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवले गेले, त्याने शहरांतील घरांचा बाजार सावरला. भाडेकरूला त्याचा काय उपयोग?

मग तो तोटा मालकानेच सोसायचा का? घरमालक म्हणजे पैसेवाला, असे आपण सहज धरून चालतो. पुढची एक खोली भाड्याने देऊन त्यावर औषधपाणी भागवणारी विधवाही घरमालकच असते. खोली बांधायला कर्ज काढलेले असेल, तर बँकेने ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ते थांबवले तरी व्याज चालूच होते.

आम्हाला वाटते, कोणाच्याच चुकीने न झालेला तोटा सगळा एकाच्याच नावावर लिहिणे न्यायाचे नाही. ज्याला जेवढे पेलवेल तेवढे त्याने उचलावे. चार खोल्या आणि पेन्शन असणाऱ्याने जास्त, त्या विधवेने कमी. आणि ज्याचा पगार चालू होता त्याने सरकारी सूचनेच्या आडून भाडे बुडवले असेल, तर ती सरळ लबाडी आहे.

अनुवादाच्या 24 व्या अध्यायात एक नियम आहे. गहाण वस्तू घ्यायला सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. तिथे कर्ज रद्द केलेले नाही. पण उंबरठ्याच्या आत घेणेकऱ्याचा हक्क चालत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्याच महामारीत, 3 ऑक्टोबर 2020 रोजी सही केलेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या पत्रात खासगी मालकीचा हक्क दुय्यम मानला. सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत, हे आधी येते.

काहींच्या वहीत त्या वर्षाचा आकडा अजून तसाच असेल. मालक मागत नाही, भाडेकरू विषय काढत नाही आणि बाजारात समोरासमोर आले की दोघेही नजर चुकवतात. अशी वही आपल्या घरी असेल तर एकदा दोघांनी ती उघडून बसावे. आकड्यातले किती सोडायचे आणि किती हळूहळू फेडायचे, हे आधीच ठरवून जाऊ नये. आधी त्या महिन्यांत एकमेकांच्या घरी काय चालले होते ते विचारावे.