परवानगीने केलेला हल्ला
ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरट्यांनी उभारलेल्या बनावट स्विचनेच एटीएम व्यवहारांना होकार दिला. अशी चोरी रोखायची तर बँकेला आपल्याच यंत्रणेवर आधी हल्ला करवून पाहावा लागतो, आणि तेथेच नैतिक प्रश्न उठतो: रक्षणासाठी केलेला हल्ला धर्म्य ठरतो काय? पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे मालकाच्या संमतीने मेटास्प्लॉइटसारख्या साधनांनी प्रणालीत घुसून तिच्यातील उणिवा शोधणे, चोराच्या कृतीसारखेच दिसते. परंतु माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या प्रवेशालाच दोष मानते, आणि तत्त्वार्थसूत्रातील जैन विचारही हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे असावध वृत्तीत, पाहतो. ॲप्लिकेशन कंट्रोल, म्हणजे मान्य यादीतीलच प्रोग्रॅम चालू देणारी व्यवस्था, अधिक सौम्य भासते. मात्र यादी करणाराच चुकला, तर ते कळण्याचा मार्ग तिच्यापाशी नसतो. न्यायपरंपरेत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत, पूर्ण बळाने मांडल्यावाचून सिद्धान्त उभा राहत नाही. चाचणी हाच यादीपुढचा पूर्वपक्ष; म्हणून अल्प साधनांच्या बँकेने यादी आधी लावणे व्यवहार्य असले, तरी तिच्यावर विसंबण्याचा अधिकार चाचणीनंतरच मिळतो.