‘नाही’ म्हणता येणारं मूल

धीट मूल आपल्याला सगळ्यांनाच हवं असतं, पण ते घराबाहेर. स्नेहसंमेलनात त्यानं न अडखळता भाषण करावं, पाहुण्यांसमोर पाढे आणि श्लोक खणखणीत म्हणून दाखवावेत, पुढे मुलाखतीत नोकरी पटकवावी. घरात मात्र त्यानं मोठ्यांसमोर मान खाली घालावी, वडिलांचं चुकतंय असं वाटलं तरी गप्प बसावं आणि ‘का?’ विचारलंच, तर ‘उलट बोलतोस?’ हे ऐकून घ्यावं. एकाच मुलाकडून या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. ज्याला घरात बोलू दिलं जात नाही, ते व्यासपीठावर फार तर पाठ केलेलं बोलतं. सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची फी भरून ही उणीव भरून निघत नाही.

मुलात आत्मविश्वास आहे की नाही, हे मी तीन वाक्यांवरून ओळखते. ‘मला येत नाही’, ‘मला हे नको’ आणि ‘माझ्याकडून चूक झाली’. ही तिन्ही वाक्यं जे मूल आईवडिलांसमोर न घाबरता बोलू शकतं, ते पुढे जगासमोर उभं राहील. बाकीचं सगळं सरावानं येतं.

या महाराष्ट्रात एका मुलीनं असं उभं राहून दाखवल्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. आपल्या जातीच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, त्यांचे काय हाल होतात, हे तिनं लिहिलं. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ सवाल तिनं त्या काळच्या धर्मसत्तेला केला. शाळेत तिची जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेवढ्या अवधीत तिला अक्षरं आली यात नवल नाही. आपलं दुःख लिहिण्याजोगं आहे आणि आपला प्रश्न छापण्याजोगा आहे, ही खात्री तिला कुठून आली, ते विचारायला हवं. तिच्यासमोर अशी मोठी माणसं होती, जी स्वतः प्रश्न विचारत होती आणि त्याची किंमतही मोजत होती. शाळेत जाताना अंगावर चिखल-शेण झेलणाऱ्या सावित्रीबाईंना मुलांना धीट होण्यावर वेगळा धडा द्यावा लागत नाही. साहेबापुढे, सासऱ्यापुढे, गावच्या पुढाऱ्यापुढे आपण स्वतः शब्द गिळत असू, तर मूल तेच शिकतं, आपण तोंडानं काहीही सांगितलं तरी.

दुसरी गोष्ट कोसबाडची. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. सोबत अनुताई वाघ होत्या, ज्यांच्या वाट्याला तेराव्या वर्षी वैधव्य आलं होतं. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत, धाकट्या भावंडांना सांभाळायचं असे. मुलं आळशी आहेत, त्यांच्या आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. वस्तीतल्या अंगणात अंगणवाडी भरली, गुरं चरत तिथं कुरणशाळा भरली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया आल्या. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती मुलाच्या कामाला दिलेली किंमत. आठ वर्षांचा पोरगा चार गुरं सांभाळून संध्याकाळी घरी आणतो, ही त्याची कर्तबगारी आहे, आणि शिकायला सुरुवात तिथून करायची. शहरातल्या आपल्या मुलांना आपण हेच देत नाही. बारा वर्षांच्या मुलाला गॅस पेटवू देत नाही, चौदाच्या मुलीला एकटीनं बँकेत पाठवत नाही, पोळी वाकडी झाली की ‘दे इकडे, तुला जमायचं नाही’ म्हणून लाटणं काढून घेतो. आणि मग तक्रार करतो की मूल जबाबदारी घेत नाही. खरं काम हातात पडून, ते चुकून, पुन्हा करून जमलं, तरच मुलाचा स्वतःवर विश्वास बसतो. शाबासकी त्यानंतर येते.

शाबासकीबद्दलही नीट बोलायला हवं, कारण मार बंद केलेल्या आईबापांचा भर हल्ली कौतुकावर असतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना काही कोडी सोडवायला दिली. मग काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढचं काम निवडताना हुशार ठरवलेली मुलं बहुतेक करून जिथं आपली हुशारी शाबूत राहील तिकडे वळली. अवघड कोड्यांनंतर त्यांची कामगिरी घसरली. आणि आपले गुण एका अनोळखी मुलाला नाव न लिहिता कळवायचे होते, तेव्हा या गटातल्या पाचांपैकी जवळजवळ दोघांनी खोटे गुण लिहिले. ड्वेक यांच्या विचारांवर पुढे बरेच वाद झाले. पण त्या खोट्या गुणांपाशी मी थांबते. लहान मुलाला एका वाक्याच्या कौतुकानं खोटं बोलण्यापर्यंत नेता येत असेल, तर ‘आमची पिंकी फार हुशार’ हे दहा वर्षं रोज ऐकणाऱ्या मुलीवर केवढं ओझं असेल! तिला ‘मला येत नाही’ हे वाक्य कधीच परवडत नाही.

आणि मार? ‘श्यामची आई’चा दाखला आजही दिला जातो. पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आईनं शिंपटीनं मारलं आणि त्यामुळे तो पोहायला शिकला, असं आपण सांगतो. ते प्रकरण पुन्हा वाचावं. विहिरीवर श्याम एकटा नव्हता. त्याच्या कमरेला सुकड बांधली होती, सांभाळून घेणारी जाणती माणसं होती. आणि मुलाच्या अंगावरचे वळ बघून आई स्वतः रडली. पाण्यावर तो तरंगला तो सुकडीच्या आणि त्या माणसांच्या भरवशावर. आपण त्या गोष्टीतली शिंपटी तेवढी उचलली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आली. घरात बंदी घालायला आपल्याशिवाय कोणी नाही.

मारापेक्षाही अधिक नुकसान ‘मोठ्यांचं ऐकायचं’ या बिनशर्त शिकवणुकीनं होतं. काकांनी गालाला हात लावला, मुलीनं चेहरा वळवला, की आपण म्हणतो, ‘अगं, काका आहेत ना!’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ साली पॉक्सो कायदा आला. त्याखालच्या खटल्यांत बहुसंख्य आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, हे सरकारी नोंदी वर्षानुवर्षं सांगत आहेत. म्हणजे ज्या वडीलधाऱ्या माणसाला कधीही नाही म्हणायचं नसतं, असं मुलाला शिकवलेलं असतं, बहुधा त्याच वर्तुळातलं कोणी तरी. पाच वर्षांच्या मुलीनं आत्याला पापी द्यायला नकार दिला तर आत्याला राग येऊ द्या. आत्या मोठी आहे, तिची समजूत घालता येईल. मुलीच्या ‘नको’ला मात्र त्याच क्षणी घरातल्या कोणीतरी पाठिंबा द्यायलाच हवा.

गुणपत्रिकेचंही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत, आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. प्रत्येकामागची कारणं वेगळी, गुंतागुंतीची. सगळा दोष आईबापांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. पण नापास झालेल्या मुलाला निकालाच्या दिवशी घरी येणं सर्वांत अवघड वाटावं, अशी घरं आपल्या आजूबाजूला आहेत. निकालाच्या आधीच, जून-जुलैतच, मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा की कितीही गुण पडले तरी जेवायला घरीच यायचं. मुलांना हे न सांगता कळत असतं, असं समजू नका. मुलांना ते कळत नाही.

हे सगळं करणं कठीण आहे. दिवसभर राबून आलेल्या आईला सातव्या ‘का?’चं उत्तर देण्याचं त्राण नसतं. सासूबाई म्हणतात, ‘फार लाडावून ठेवलंय.’ शेजारी म्हणतात, ‘तुमची मुलगी जरा फटकळच आहे.’ आणि लाड व विश्वास यांतला फरक रोज नव्यानं ठरवावा लागतो. मोबाईल किती वेळ बघायचा, दुसऱ्यावर हात उचलायचा की नाही, यावर मुलाशी बोलावं, कारण सांगावं, पण निर्णय मोठ्यांनीच घ्यावा. केस कसे कापायचे, कुठला खेळ खेळायचा, कोणाशी मैत्री करायची, याबद्दल हळूहळू हात काढून घ्यावा. वडिलांचा वाटा इथं फार मोठा आहे. घरात सर्वांत जास्त ज्याचं ऐकलं जातं, त्यानं एकदा मुलासमोर ‘तुझं बरोबर होतं’ म्हटलं, तर घरातली हवाच बदलते.

फळ मिळतं ते उशिरा, आणि अनेकदा आपल्याला नकोसं वाटेल अशा रूपात. मुलगा इंजिनिअरिंगची जागा सोडून शेती किंवा नाटक करायचं म्हणतो. मुलगी पत्रिका न दाखवता दुसऱ्या जातीतला जोडीदार सांगते. एकविसाव्या वर्षापर्यंत ‘स्वतःचा निर्णय स्वतः घे’ म्हणणारी कितीतरी घरं या ठिकाणी येऊन थबकतात. दारामागे भावकी उभी असते, समाजाची मंडळी निरोप पाठवतात. जातपंचायतींनी घरंच्या घरं वाळीत टाकली, म्हणून या राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. धीट मुलीच्या आईवडिलांना त्या वेळी तिच्याएवढंच धीट व्हावं लागतं. जोडीदार कसा आहे, कमावतो का, तिला मान देतो का, हे प्रश्न जरूर विचारावेत; तो हक्क आईबापांचा आहे. पण ‘यासाठीच तुला शिकवलं का?’ असं कोणी विचारलं, तर मुलीनं उत्तर द्यायच्या आधी वडिलांनीच भावकीला सांगावं की होय, यासाठीच शिकवलं.