टाकणे आणि देणे

दानाचे लक्षण सांगताना धर्मशास्त्रकारांनी मोठी सूक्ष्मता दाखविली आहे. वस्तूवरील आपले स्वामित्व निवृत्त झाले, एवढ्याने दान होत नाही. तिच्यावर दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न व्हावे लागते. यज्ञातही ‘हे माझे नाही’ असे म्हणण्यापूर्वी यजमान ते द्रव्य कोणत्या देवतेचे, हे सांगतो.

घरातला केर दाराबाहेर टाकणारा मनुष्यही ‘हे माझे नाही’ असेच म्हणत असतो. मात्र ते कोणाचे, हे तो सांगत नाही. अर्धे वाक्य उच्चारून तो मोकळा होतो आणि वस्तू नदीकाठी कुजते, अथवा कचरा वेचणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या उघड्या हातांत येते. यावर कोणी म्हणेल की, नगरपालिकेला कर दिला, कर्तव्य संपले. पण कराने वाहून नेणारा मिळतो, घेणारा मिळत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे नेण्यात आला आणि तेथील ग्रामस्थांनी त्यास वारंवार विरोध केला. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, प्रतिग्रह नाकारला गेला.

तेव्हा टाकलेल्या वस्तूचा स्वामी कोण? या प्रश्नाचा विचार जपानमधील एका डोंगरी गावाने आचरणातून केला आहे. शिकोकू बेटावरील कामिकात्सु हे ते गाव; वस्ती जेमतेम दीड हजार. पूर्वी तेथेही कचरा उघड्यावर जाळीत. पुढे विषारी धुरासंबंधीचे नियम कडक झाले, लहान भट्ट्या बंद कराव्या लागल्या, आणि मोठी भट्टी बांधणे गावाला परवडणारे नव्हते. (सदाचार नेहमी श्रद्धेतूनच जन्मतो असे नाही; द्रव्याभावही कधी गुरू होतो.) २००३ मध्ये गावाने संकल्प केला की, २०२० पर्यंत जाळण्यास वा पुरण्यास काही उरू द्यायचे नाही. तेथे कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही. उष्ट्याखरकट्याचे खत घरीच होते. बाटल्या, डबे धुऊन व वाळवून गावकरी स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळे करतात. प्रत्येक प्रकाराच्या पेटीवर ती वस्तू पुढे काय होणार आणि त्यापायी गावाला किती खर्च अथवा किती प्राप्ती, हे लिहिलेले असते. मीमांसेचे नावही ज्यांच्या कानी गेले नसेल, त्यांनी वाक्याचा राहिलेला अर्धा भाग पेटीवर लिहून ठेवला!

संकल्प मात्र पूर्णतेस गेला नाही. सुमारे ऐंशी टक्के कचरा पुन्हा उपयोगात येऊ लागला. उरलेल्यात एकदा वापरून टाकण्याची बालवस्त्रे आणि अनेक पदार्थ एकत्र चिकटविलेल्या वस्तू होत्या. त्या कितीही धुतल्या, पुसल्या, तरी त्यांना घेणारा कोणी नाही. येथे दोष गावकऱ्यांचा म्हणता येत नाही. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांविषयी नियम करून ती परत घेण्याचा भार उत्पादक व विक्रेते यांच्यावर ठेवला, तो याच विचाराने. ज्याने वस्तू घडविली, त्यानेच घडविताना सांगावयास हवे होते की, ही शेवटी कोणाची होणार.