साखरेले इस्तो लागत नाई

स्वयंपाकघराच्या फरश्या काढायच्या आदल्या रात्री मी देव्हाऱ्यातली भांडी टोपलीत भरत होतो. नैवेद्याची पितळी वाटी हाती आली. तळाला साखर घट्ट धरून बसली होती, दुधाचा मागमूस नव्हता. आमच्या घरी देवाला तापवलेल्या दुधाचा नैवेद्य असतो. मला कळतं तेव्हापासून असतो. आईला विचारलं. ती पाटावर बसून वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "साखरेले इस्तो लागत नाई, बापू."

इस्तो म्हणजे आमच्या वऱ्हाडातला विस्तव. तो आम्हीच तिच्या हातून काढून घेतला होता.

आई ८१ वर्षांची आहे. श्रावणात एका दुपारी तिने गॅसची कळ फिरवली आणि पेटवायचं राहून गेलं. मी दुकानातून आलो तेव्हा घरभर वास होता. त्या दिवसापासून आम्ही दोघं निघताना सिलिंडर बंद करून निघतो. बायको सकाळच्या गाडीने धामणगावहून बडनेऱ्याला जाते, तिथून शाळेत. मी बाजार समितीजवळच्या दुकानात. आई दुपारी गार भाकर, गार वांग्याची भाजी खायची आणि तक्रार करायची नाही, म्हणून आम्हाला वाटलं की सगळं ठीक आहे. पहाटेच्या स्वयंपाकातून आधी आमचे डबे भरले जातात. अशा अन्नाचा निवद ती दाखवत नाही. दूधही आधी आमच्या चहाला लागलेलं. म्हणून चार महिने देव साखरेवर होता. त्या चार महिन्यांत मी रोज सकाळी त्याच देव्हाऱ्यापुढे हात जोडत होतो.

दिवाळीत मुलीने पुण्याहून मायक्रोवेव्ह आणला होता, आजीला गरम खाता यावं म्हणून. तो खोक्यातच पडून होता. आता ओटा नवा होणार, तेव्हा त्याची जागा ठरवायची होती. मिस्त्री म्हणाला, गॅसच्या वर कडप्प्याची फळी टाकू. वास्तू पाहणाऱ्या एका नातेवाइकांनीही तीच जागा सांगितली, कारण तो आग्नेय कोपरा, अग्नीचा. इलेक्ट्रिशियनला फ्रिजचं डोकं सोयीचं वाटत होतं, अर्थिंगवालं मोठं सॉकेट तिथून जवळ. ईशान्येला देव्हारा; तिथे पाण्याचा कलश असावा, आग नको, यावर तिघांचंही एकमत. आई तेवढी म्हणाली, "त्याच्यात इस्तो हाय का नाई, हे तं आधी सांगा."

मला तो प्रश्न त्या घरातला सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. विस्तव नसेल तर दिशेचा वाद कशासाठी? आणि असेल तर त्यात तापलेलं दूध देवाला चालायला हवं.

आजीची चूल मला आठवते. रात्री ती निखाऱ्यांवर राख ओढायची आणि पहाटे ती राख बाजूला करून फुंकणीने त्यांना पुन्हा जागं करायची. पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीत जायचा. गॅस आला तेव्हा तुकडा कुठे टाकायचा हे कोणी सांगितलं नाही, आणि ती गोष्ट आमच्या घरातून गेली. तेव्हाही कोणीतरी विचारायला हवं होतं.

हा प्रश्न आमच्याच ओट्यावर पडलेला नाही. ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवणं आणि शिजवणं वर्ज्य आहे. वीज आली तेव्हा त्यांच्या पंडितांनी वाद घातला की बटण दाबणं हे पेटवणं आहे का. मायक्रोवेव्ह आला तेव्हा पुन्हा, की जाळाशिवाय शिजलेलं ते शिजलेलंच का. तालमूदमध्ये नुसत्या उन्हात शिजवण्याला मनाई नाही, त्यामुळे तो वाद आणखी खोल गेला. इतक्या मनापासून कोणी विचारतं, याचाच मला आधार वाटला.

मग मी माझ्या परीने शोधलं. ऋग्वेदाचा पहिला शब्दच अग्नी. पण वेदातला अग्नी चुलीपुरता नाही. तो आकाशात सूर्य आहे, मेघात वीज आहे, दोन अरणी घुसळल्या की लाकडातून प्रगटणारा आहे. आणि त्याचं एक नाव आहे अपां नपात्, पाण्याचं लेकरू: इंधनाशिवाय पाण्याच्या आत झळकणारा. हे वाचलं आणि मी थांबलो. मायक्रोवेव्हमध्ये दुसरं काय होतं? साधारण १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी अन्नात शिरतात, सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा पालटतात, आणि अन्नातल्या पाण्याचे कण त्यांच्यामागे फिरू पाहतात. त्या घुसळणीतून ऊब येते. कोरडी काच तशी गारच राहते. वेदकाळच्या ऋषींना हे यंत्र ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांचा अपमान आहे. पण जाळ दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असं त्यांनी मानलं नाही, एवढं मला पुरेसं आहे.

आणखी एक सापडलं. आश्वलायन गृह्यसूत्रात घरच्या अग्नीची सेवा गृहस्थाने स्वतः करावी, किंवा त्याच्या पत्नीने, मुलाने, मुलीने, शिष्याने करावी, असं आहे. म्हणजे दिशेइतकंच महत्त्व राखणाऱ्या माणसाला आहे. गॅसच्या वरच्या फळीपर्यंत आईला पेटत्या शेगडीवरून हात न्यावा लागला असता. फ्रिजच्या डोक्यावरून उकळतं दूध उतरवताना ते तिच्या तोंडावर आलं असतं. ती चार फूट आठ इंच आहे.

आईला मी हे सगळं सांगितलं, अपां नपातही सांगितला. तिने वात तेलात बुडवली. "पाण्यातला इस्तो? मंग त्याले देवापाशी ठेवाले भेव कायचं?"

जागा ठरली. देव्हाऱ्याला लागून उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून अठ्ठावीस इंचांवर, तिच्या कोपराच्या खाली. सिंक तिथून चार फूट दूर आहे, शिंतोडे येत नाहीत. मागे हवेला वीतभर जागा सोडली. इलेक्ट्रिशियनने कुरकुरत नवी वायर ओढली. नातेवाईक नाराज आहेत, आणि मी त्यांना समजावायला जाणार आहे.

पहिल्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. गवळ्याचं दूध आलं तसं त्यातलं कपभर आईने आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. पितळी वाटी आत चालत नाही, धातू लहरी परतवतो आणि ठिणग्या उडू शकतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. देवाच्या कामाला काच तिच्यासाठी नवी. तिने काचेची वाटी तीनदा धुतली, दूध ओतलं, मी दाखवलेलं बटण दाबलं. आत दिवा लागला, वाटी फिरू लागली. ती दारापाशी वाकून बघत राहिली.

घंटी वाजल्यावर तिने फडक्याने वाटी बाहेर काढली आणि दूध पितळी वाटीत ओतलं. नैवेद्याच्या दुधात आधी बोट बुडवत नाहीत. तिने हाताची मागची बाजू वाटीला बाहेरून लावली, लहानपणी आमच्या कपाळाला लावायची तशी, आणि थोडा वेळ तशीच धरली.

"तापलं," ती म्हणाली, आणि तुळशीचं पान आणायला अंगणात गेली.