धुरा

आमच्या वऱ्हाडात दोन वावरांमधल्या हद्दीला धुरा म्हणतात. डोणगावच्या शिवारात दोन भावांचे किंवा दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झालेले दिसले की कारण बहुधा धुऱ्याचे असते. धुरा कोरणारा माणूस एकदम एकरभर जमीन घेत नाही. नांगरटीच्या वेळी एक तास जास्त मारतो. पुढच्या साली आणखी एक. मधोमध उभी असलेली बोरी पाच-सात वर्षांत त्याच्या पिकात उभी दिसू लागते. तक्रार केली तर तो म्हणतो, “चाचा, एका तासासाठी एवढा आरडाओरडा?” आणि खरोखरच, त्या एका तासाची किंमत काढायला बसलो तर आपल्यालाच संकोच वाटावा इतकी ती थोडी निघते. अब्बा अशा वेळी किमतीचे बोलतच नसत. ते एवढेच विचारत, “मला विचारलं होतं का?”

गेल्या हिवाळ्यात अब्बांचा हा प्रश्न मला वेगळ्याच निमित्ताने आठवला. माझा भाचा चंद्रपूरकडे एका खुल्या कोळसा खाणीवर ठेकेदाराकडे डंपर चालवतो. खाण कोणती ते लिहीत नाही; त्याची नोकरी कायमची नाही. घरातल्या निकाहासाठी तो आला होता. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी होती. हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून मी निघालो तर तोही सोबत आला. लाइनची वाट पाहत आम्ही दोघे अंगावर शाल घेऊन धुऱ्यावर बसलो होतो.

“मामू, तुमची मोटर आमच्या कोळशावर चालते,” तो हसत म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नाही. डोणगावच्या तारेत नेमकी कुठली वीज येते हे कोणाला सांगता येणार नाही, ग्रीडमध्ये सगळी मिसळते. पण ती शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसची असो की २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्राची, तिच्या मागे कोळसाच आहे. मग त्याने सांगितले की त्याच्या खाणीचे उत्पादन वाढणार आहे. मी विचारले, जनसुनावणी झाली का? “या वेळी नाही. मागे एकदा झाली आहे ना. बरंच झालं, सुनावणी म्हटली की काम रखडतं. उत्पादन वाढलं तर आमचं टेंडर पुढे चालेल.”

त्याचे हे ‘बरंच झालं’ माझ्या मनात राहिले.

खाणीसाठी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्याआधी लोकांचे ऐकावे लागते, हा नियम आपल्याकडे फार जुना नाही. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ची. आज चालते ती १४ सप्टेंबर २००६ची. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसायचे, आणि शेवटी लोकांचे आक्षेप त्यांच्याच भाषेत वाचून दाखवायचे. कागदावर ही मांडणी चांगली आहे. उणिवाही कागदावरच दिसतात. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला पैसे खाण काढणाराच देतो. सुनावणीला किमान किती माणसे हवीत याची अट नाही. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेली सुनावणीही सुनावणीच.

कोळशाच्या जमिनीची गोष्ट आणखी निराळी आहे. १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली अधिसूचना निघाली की जमीन थेट केंद्र सरकारकडे जाते. हरकत घेण्यासाठी तीस दिवस मिळतात. २०१३चा नवा भूसंपादन कायदा आला तेव्हा सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अट जिथे लावली नाही अशा कायद्यांच्या यादीत हा १९५७चा कायदाही राहिला. मोबदल्याच्या नव्या तरतुदी नंतर लागू झाल्या. आधी विचारण्याची तरतूद झाली नाही.

आता विस्ताराकडे येऊ. चालू खाणीने उत्पादन वाढवायचे ठरवले तर पुन्हा सुनावणी हवी का? डिसेंबर २०१२मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितले की एका वेळेपुरती २५ टक्क्यांपर्यंत वाढ सुनावणीशिवाय चालेल. २०१७ साली ही मर्यादा, काही अटींवर, टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत गेली. मे २०२२मध्ये, उन्हाळ्यात विजेची टंचाई झाली तेव्हा, ४०वरून ५० टक्के. कारण दर वेळी दिले गेले आणि ते अगदीच पोकळ नव्हते. खाणीची हद्द वाढत नाही, त्याच जागेतून जास्त कोळसा काढायचा आहे, आणि मूळ सुनावणी पूर्वी झालेली आहे.

पण धूळ सातबारा पाहून थांबत नाही. दीडपट कोळसा म्हणजे दीडपट ट्रक, अधिक सुरुंग, अधिक उपसलेले पाणी, नदीकाठी अधिक उंच मातीचे ढिगारे. पहिल्या सुनावणीत माणसाने ‘हो’ म्हटले असेल तर ते एका विशिष्ट आकड्याला. दहा वर्षांनी त्या ‘हो’वर दुसरा आकडा चढवायचा, आणि तोही एकदम न चढवता २५, ४०, ५० असा, हे आमच्या धुऱ्यापेक्षा वेगळे कसे? एकेका तासाची किंमत खरोखरच थोडी असते. म्हणून तर धुरा कोरला जातो.

येथे मला हदीसच्या संग्रहांत आलेला एक प्रसंग आठवतो. अबयज बिन हम्माल नावाचे गृहस्थ यमनमधल्या मआरिबहून आले आणि त्यांनी तिथली मिठाची खाण मागितली. प्रेषित मुहंमद (स.) यांनी ती दिली. मग बैठकीतला एक माणूस, एका कथनानुसार अकरा बिन हाबिस, बोलला. ती जागा त्याने पाहिलेली होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथून घेतो, ते कधी न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे, असे त्याने सांगितले. खाण परत घेतली गेली. आणि अबयज यांना रिकाम्या हाताने पाठवले नाही. बदल्यात जमीन आणि खजुराची झाडे दिली.

या प्रसंगावरून कोळसा कोणाचा हे ठरवण्याचा माझा इरादा नाही. उघड्यावरचे मीठ आणि जमिनीच्या पोटातला दगडी कोळसा यांत फिकहच्या ग्रंथांतही फरक केलेला आहे, आणि आपल्या देशात कोळसा सरकारचाच आहे. मला त्या बैठकीचे अप्रूप वाटते. निर्णय झालेला होता. देणारा साक्षात अल्लाहचा रसूल होता. तरीही जागा पाहिलेला एक माणूस बोलू शकला, आणि त्याच्या बोलण्याने निर्णय फिरला. ‘एकदा दिले ते दिले’ असे कोणी म्हटले नाही. सुनावणी म्हणजे मला वाटते एवढेच: ज्याने जागा पाहिली आहे, जो तिथे राहतो, त्याच्या बोलण्याने निकाल बदलू शकतो, अशी निदान शक्यता. ती शक्यता नसेल तर मंडप, खुर्च्या, माइक, चहा हे सगळे असूनही काय उरते?

गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. सुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि ते का मानले किंवा का फेटाळले याची कारणे नोंदवली पाहिजेत. आक्षेपांची यादी फाइलला जोडणे पुरेसे नाही. अमेरिकेतही हा वाद आहे. माँटाना राज्यात केंद्र सरकारच्या मालकीचा कोळसा असलेल्या बुल माउंटन्स खाणीचा विस्तार २०१७ साली न्यायालयाने अडवला, कारण सरकारी अहवालात रोजगार आणि महसुलाचे आकडे होते, पण कोळसा जाळल्यावर होणाऱ्या नुकसानीचा आकडा नव्हता. जमेची बाजू लिहायची आणि खर्चाचे पान कोरे ठेवायचे, असा हिशोब किराणा दुकानदारही ठेवणार नाही. २०२५मध्ये तिथल्या सरकारने आणीबाणीचे कारण देऊन झटपट पद्धतीने त्या विस्ताराला मंजुरी दिली. घाईचे कारण सगळीकडे सारखेच सापडते.

चंद्रपूर जिल्ह्याने विरोध करून पाहिलेला नाही असे नाही. ताडोबाजवळच्या लोहारा इथली प्रस्तावित खाण २००९च्या सुमारास लोकांच्या आंदोलनानंतर, उपोषणानंतर थांबली. २०२०मध्ये बंदर कोळसापट्टा लिलावाच्या यादीत आला आणि विरोध झाल्यावर वगळला गेला. दोन्ही ठिकाणी वाघ मदतीला आला, हे मात्र मान्य करावे लागेल. वाघाला देशभर वकील मिळतात, आणि मिळावेत. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले होते. त्या हवेत श्वास घेणाऱ्या पोराबाळांच्या मागे तसे वकील उभे राहिले नाहीत.

आता आपल्या लोकांविषयी थोडे बोलतो. खाण आली की हिशोब सातबाऱ्यापासून सुरू होतो. कोळसा कंपन्यांचा ढोबळ नियम दोन एकरांमागे एक नोकरी असा. विदर्भातल्या मुसलमानांकडे जमीन किती आहे हे वाचकांना सांगायला नको. आपला माणूस पंक्चर काढतो, वेल्डिंग करतो, बकऱ्या पाळतो, आठवडी बाजारात बांगड्या विकतो, शिलाई मशीन चालवतो. गाव उठले की त्याचे गिऱ्हाईक उठते, पण त्याच्या नावावर काही नसल्यामुळे त्याचे काही गेलेच नाही असे धरले जाते. हे मुसलमानांपुरते नाही. भूमिहीन दलित, आदिवासी, सुतार, लोहार सगळ्यांचे तेच. अशा माणसाच्या हातात, त्याचीही मोजदाद व्हावी म्हणून, जनसुनावणीतला माइक एवढीच एक गोष्ट होती. तिथे सातबारा मागत नाहीत. विस्ताराच्या वेळी सुनावणी गेली म्हणजे नेमके या माणसाचे दार बंद झाले. जमीनवाल्याकडे निदान मोबदल्याचा दावा उरतो.

आणि काही गोष्टींचा मोबदलाच निघत नाही. घर दुसरीकडे बांधता येते. मशिदीसाठी जागा मिळते, चंदा जमतो. कब्रस्तानाचे काय करायचे? हद्दीच्या आत ते असेल तर प्रश्न सरळ तरी समोर येतो. हद्दीच्या बाहेर, पण ढिगाऱ्याच्या पायथ्याशी असेल, आणि दर पावसाळ्यात कबरींवर काळा गाळ येत असेल, तर तो अहवालातल्या कुठल्या रकान्यात लिहायचा? मला वाटते, तो लिहिला जात नाही तोवर अहवाल पूर्ण झाला असे म्हणू नये. रकाना नसेल तर काढावा.

हे सगळे मी त्या रात्री भाच्याला असे सलग बोललो नाही. तुटक-तुटक बोललो. त्याने ऐकून घेतले आणि मग जे म्हणाला ते मला अजून खोडता आलेले नाही. “मामू, मी रोज ती धूळ खातो. मला नका सांगू. पण खाण बंद पडली तर मी काय करू? इकडे येऊन तुमचा हरभरा सोंगू?” देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५मध्ये शंभर कोटी टनांच्या वर गेले. आपल्या विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग त्यातून येतो. गावात दोघा-तिघांनी सोलर पंप बसवले आहेत, माझा अजून नाही. जो माणूस दहा वाजताच्या लाइनची वाट पाहत बसला आहे त्याने कोळशाला नावे ठेवावीत, यात थोडा दुटप्पीपणा आहेच. मी तो नाकारत नाही. फक्त माझे म्हणणे खाण नको असे नव्हते. वाढवायची असेल तर विचारून वाढवा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर काय करणार ते आधी सांगा, इतकेच होते. भाच्याला या दोन्हींत फार फरक वाटला नाही. ज्याचे टेंडर वर्षाचे आहे त्याला न वाटणे स्वाभाविक आहे. सुनावणीत त्यालाही बोलता आले असते, खाण वाढली पाहिजे म्हणून बोलता आले असते. आणि ते ऐकायला समोर पंक्चरवाला बसला असता.

“आणि तुम्ही?” त्याने विचारले. “सुनावणी झाली असती तर तुम्ही काय केलं असतं?”

मी म्हणालो, तोंडी बोलण्याचा हक्क तिथल्या बाधितांचा. मात्र ज्याचा संबंध पोचतो असा लांबचा माणूस लेखी म्हणणे पाठवू शकतो, तशी तरतूद आहे.

“तुमचा संबंध आहेच ना, मोटर चालते. मग लिहिलं असतं पत्र? काय लिहिलं असतं?”

मी विचार करत होतो. इतक्यात पलीकडच्या वावरातला दिवा लागला. लाइन आली होती. भाचा उठून स्टार्टरकडे गेला आणि मी बॅटरी घेऊन पहिल्या सरीकडे चालू लागलो.